दम सोडायचा

मोनिकाने वडिलांच्या कमरेचा वजनांचा पट्टा आवळला आणि मागे सरून एकदा नीट पाहिलं. पाठीवर हवेची टाकी घेऊन रंगनाथ होडीच्या काठावर ताठ बसले होते. शीड उतरवून होडी प्रवाळाच्या खडकांपाशी नांगरली होती. समोर अंदमानातल्या त्या छोट्या बेटाची पांढरी वाळू दिसत होती.

चाळीस वर्षं सोनईच्या आसपासच्या विहिरींत बुड्या मारून रंगनाथांनी तळाशी गेलेल्या पाणी उपसायच्या मोटारी वर काढल्या होत्या. मोनिकाला पोहायलाही त्यांनीच शिकवलं, पाठीला रिकामा कॅन बांधून. पण ती इतक्या लांब येऊन पर्यटकांना समुद्राखाली नेण्याची नोकरी धरील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आता काष्टीच्या स्थळाकडून होकार आला होता. मुलगा साखर कारखान्यात कायम होता. अट एवढीच, की मुलीने हे पाण्यातलं काम सोडावं. तिला समजावून घरी न्यायला रंगनाथ आणि त्यांची बायको चांगुणाबाई आले होते. चार दिवस झाले तरी विषय निघाला नव्हता. आज बुडी झाली की बोलतो, असं त्यांनी सकाळी बायकोला सांगितलं होतं.

"आण्णा, एकच ध्यानात ठेवा," मोनिका म्हणाली. "खाली दम धरायचा न्हाई. तोंडातल्या नळीनं श्वास चालू ठेवायचा."

ते नुसते हसले.

पाण्याखाली गेल्याबरोबर मात्र त्यांनी सवयीने दम कोंडला. छाती भरून आली, पाय झाडले जाऊ लागले. ते वर निघाले तसा मोनिकाने त्यांचा दंड धरला आणि त्यांच्या चेहऱ्यासमोर आली. घाई न करता तिने त्यांच्या छातीवर तळवा ठेवला आणि स्वतः लांब श्वास सोडून दाखवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा रंगनाथांनी तिच्याबरोबर श्वास सोडला. दोघांचे बुडबुडे मिळून वर गेले.

मग त्यांना दिसू लागलं. विहिरीच्या तळाशी कायम अंधार. गाळात हात फिरवून मोटार चाचपायची, एवढंच त्यांना ठाऊक. इथे वाळूवर ऊन हलत होतं. पिवळ्या माशांचा थवा अगदी डोळ्यांपुढून वळून गेला. त्यांनी एका खडकाकडे बोट नेलं. मोनिकाने हात लावू नका म्हणून मान हलवली. त्यांनी मुकाट्याने हात मागे घेतला.

होडीत आल्यावर ते जे बोलायला लागले ते थांबेनात. होडीतच थांबलेल्या चांगुणाबाई विषय काढा म्हणून डोळ्यांनी खुणावत होत्या. त्यांना ते दिसलं, पण खाली दिसलेलं कासव सांगायचं राहिलं होतं.

किनाऱ्याला लागताच आप्पासाहेबांचा फोन आला. स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलगी काय म्हणते, असं ते विचारत होते. मोनिका पलीकडे टबात सामान विसळत होती. तिचे हात थांबले.

"तिला इचारलंच न्हाई," रंगनाथ म्हणाले. "ती काम सोडनार न्हाई, आप्पासाहेब. मी सोता खाली जाऊन बघून आलो."

पलीकडून बराच वेळ काहीबाही समजावणं चाललं. रंगनाथ समुद्राकडे बघत ऐकत राहिले.

"त्ये समदं ऱ्हाऊ द्या," शेवटी ते म्हणाले. "पोराला पवायला येतं का, तेवढं इचारून सांगा."