टेबलावरचा मुका माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. लोखंडी जाळीचा, हाताला जड, डोक्यावर एक पोचा पडलेला. हल्ली माझा मुक्काम लोणावळ्यात, किरण नावाच्या पॉडकास्टवाल्याच्या टेबलावर असतो. दर शुक्रवारी तो लोकांना चार गोष्टी सांगतो: काय वाचा, काय बघा, काय ऐका आणि कोणतं काम करून पाहा. 'शुक्रवारची शिदोरी' म्हणे! दोन वर्षं मी त्याच्या तोंडासमोर उभा आहे आणि माझ्या मनात त्याच्याविषयी काडीचाही आदर उरलेला नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. टाकवे बुद्रुकच्या कैलास मंडपवाल्यानं मला आणलं आणि तिथून माझे कामाचे दिवस सुरू झाले. लग्नं, गावसभा, बैलगाड्यांच्या शर्यती, सगळीकडे मी असायचो. शर्यतीचा पुकारा महिपती आबा करायचे. ते सकाळीच मैदानात यायचे, एकेका बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचे, मालकाला त्याची खोड विचारायचे आणि मगच मला हातात घ्यायचे. माझ्या जाळीवर त्यांची थुंकी उडायची, पण मला कधी किळस आली नाही. पुढे बिनतारेचे माइक आले आणि कैलासनं मला दोरखंडांच्या पोत्यात टाकलं. सहा वर्षं मी तिथं उंदरांच्या शेजारात काढली.

एक दिवस किरण जुन्या वस्तू शोधत आला आणि मला उचलून घेऊन गेला. मला वाटलं, चला, आपले दिवस पालटले. कसले पालटतात! त्यानं माझी तार कापली, मला चिंचेनं घासलं आणि टेबलावर ठेवून दिलं. त्याचा खरा माइक शेंगदाण्याएवढा, कॉलरला चिमट्यानं लावलेला असतो. मी नुसता व्हिडिओत दिसायला. ऐकू सगळं येतं, पण माझ्यातून आवाज कुठंच जात नाही.

आणि ऐकू तरी काय येतं? हा गृहस्थ 'हे पुस्तक तुम्हाला आतून हलवून टाकेल' असं म्हणतो, तेव्हा त्या पुस्तकाचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसतं. मागच्या पानावरच्या दहा ओळी वाचल्या की याचं वाचन झालं. सिनेमा तो दुप्पट वेगानं पळवतो आणि डोळे पुसल्याचं नाटक मात्र सावकाश करतो. गाणं तीन मिनिटं ऐकायचं, त्यातली दोन मिनिटं फोन बघायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्याला ऐकणारी माणसं साठ हजार आहेत, हे तो दिवसातून चारदा आरशाला सांगतो.

चौथ्या गोष्टीला, म्हणजे कामाला आला की त्याची गाडी अडायची. कामाची सवयच नाही, तर सुचणार काय? शुक्रवारचं बोलणं तो गुरुवारीच रेकॉर्ड करून ठेवतो; त्या गुरुवारीही तो असाच पेन चावत बसला होता. तेवढ्यात उज्ज्वला चार दिवसांची सुट्टी मागायला आली. ती वडिवळ्याजवळच्या वाडीवरून त्याच्याकडे स्वयंपाकाला आणि झाडलोटीला येते. वय तिशीचं, तरी हा चौतिशीचा घोडा तिला 'मावशी' म्हणतो. आवणी आहे, ती म्हणाली. म्हणजे काय, त्यानं विचारलं. तिनं समजावलं की एका वाफ्यात दाट वाढवलेली भाताची रोपं उपटायची आणि चिखल केलेल्या खाचरात लावायची. निम्मं ऐकून त्यानं कॉलरला माइक लावलासुद्धा.

उचलली जीभ लावली टाळ्याला. 'या आठवड्याचं काम: वडिवळ्याला जा, आवणी करा. मातीत उतरा. कुणाला विचारायची गरज नाही, मावळची माणसं मोकळ्या मनाची असतात.' मी समोर होतो. मला तोंड असतं तर तिथंच त्याला थांबवलं असतं.

आता वाडीची रीत ऐका. तिथं आवणी इर्जिकीनं होते. सगळी घरं मिळून एकेकाचं शेत पाळीपाळीनं लावतात. रविवारी पाळी शेजारच्या नंदाबाईची होती, त्यामुळे झाडून सगळी माणसं ओढ्यापलीकडे तिच्या शेतात वाकलेली. उज्ज्वलाची आई, सावित्राबाई, हिची पाळी मंगळवारी होती. तिच्या शेतावर चिटपाखरू नव्हतं आणि नेमकं तेच शेत रस्त्याकडेला होतं. चाळीस गाड्या येऊन थांबल्या. खाचरात नुसता चिखल, आणि कोपऱ्यात रोपाचा वाफा, हिरवागार, गालिच्यासारखा मऊ. शहाण्यांना वाटलं, हेच ते शेत! ते वाफ्यात शिरले, बसले, लोळले, फोटो काढले. काहींनी रोपं शेंड्याला धरून ओढली, मुळं तिथंच ठेवली आणि वरचे तुकडे चिखलात खोचले. पलीकडून माणसं धावत येईपर्यंत वर्षाच्या भाताचं रोप चिखलात गेलं होतं.

हे सगळं उज्ज्वलानं सोमवारी इथं उभं राहून सांगितलं. सुट्टीतच आली होती ती, हातपाय चिखलानं भरलेले. किरण 'अरेरे' म्हणाला आणि फोटोंना किती लोकांनी पसंती दिली ते बघू लागला. ती भांडली नाही. ती म्हणाली, "दादा, तुमच्या एका शब्दावर एवढ्या गाड्या आल्या. आता एक शब्द रोपासाठी टाका. आठ दिसांत मिळालं न्हाई तर औंदा आमचं खाचर पडीक ऱ्हातंय."

त्याला कल्पना आवडली. त्यानं तिला खुर्चीत बसवलं, मला तिच्यापुढं सरकवलं आणि बोला म्हणाला. ती मला ओळखत होती. वाडीवरच्या लग्नांत तिनं मला पाहिलं होतं. माइक म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती माझ्या अगदी जवळ आली.

"मी वडिवळ्याच्या सावित्राबाईची लेक बोलतीय," ती म्हणाली. "आमचं रोप तुडवलं गेलं. कुणाकडं इंद्रायणी भाताचं रोप उरलं असंल तर कळवा. आमी येऊन उपटून नेऊ, तुमाला तरास न्हाई."

खरा माइक त्याच्या कॉलरला होता, आणि तो बंद होता. किरण फक्त फोटो काढत होता. मित्रांनो, त्या दिवशी मला किरणची जितकी चीड आली, तितकीच माझी स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारी सावित्राबाई नातीचा, छकुलीचा, फोन कानाला लावून बसली. पडद्यावर लेकीचा फोटो होता. खाली 'मातीतल्या माणसांना सलाम' असं लिहिलेलं होतं. तिचा आवाज शेवटपर्यंत आला नाही. शनिवारी उज्ज्वलानं हे सांगून आवाज का नाही असं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, काहीतरी टेक्निकल झालं असेल, मावशी.

शेवटी वाडीनंच निभावलं. प्रत्येक घरानं आपापलं शेत लावून उरलेल्या रोपांच्या दोन-दोन जुड्या आणून दिल्या. त्यात सावित्राबाईचं निम्मं खाचर लागलं, निम्मं तसंच राहिलं.

पुढच्या गुरुवारी किरण वडिवळ्यावरून मोटारीनं फिरून आला आणि बोलायला बसला. 'या आठवड्यात काय बघाल? रस्त्याकडेचं एक शेत. शेतकऱ्यानं अर्धं मुद्दाम मोकळं सोडलंय. रिकाम्या जागेचं सौंदर्य आपण या साध्या माणसांकडून शिकायला हवं.'

उज्ज्वला दारात केरसुणी घेऊन उभी होती. "दादा," ती म्हणाली, "ते मोकळं सोडल्यालं न्हाई. तितल्या रोपावर तुमची माणसं बसलती."

तिनं केरसुणी भिंतीला टेकवली, घराची किल्ली माझ्या शेजारी ठेवली आणि ती गेली. दार लागल्याचा आवाज आला. किरण घोटभर पाणी प्यायला, त्यानं रेकॉर्डिंगमधलं तिचं वाक्य काढून टाकलं, आणि रिकाम्या जागेच्या सौंदर्याचं वाक्य पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा छान थांबे घेत म्हटलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगून माझ्यासारखे निरोप घेतात. मला खुशाल भंगारात घाला, मी ब्र काढणार नाही. पण कुणीतरी टेबलामागून 'जा' म्हणालं म्हणून कुणाच्या शेतात उतरू नका. बांधावर उभे राहा आणि हाक मारा, कुणी आहे का? ओ आली नाही, तर त्याचा अर्थ होकार असा नसतो. ती माणसं ओढ्यापलीकडे दुसऱ्याच्या शेतात वाकलेली असतात.