पुंगळीला लागलेलं ऊन

मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. माझ्या पोटात दारू भरली आणि तोंडाशी गोळी बसवली, की माझं रायफलीचं काडतूस होतं. मित्रांनो, आज मी संतापले आहे, आणि माझा संताप रास्त आहे.

माझे मालक डॉक्टर उपेंद्र मूळचे नागपूरचे. आयर्लंडमधल्या ॲथलोनला ते सरकारी इस्पितळात सर्जन आहेत. कागदी निशाणावर नेम धरणं हा त्यांचा छंद. नेमबाजी क्लबच्या परवानगीने, तिथल्याच टेबलावर ते मला पुन्हा पुन्हा भरत. नेम लागे तेव्हा माझं कोण कौतुक! मऊ फडक्याने पुसून ठेवत.

दारूचं माप त्यांनी कडाक्याच्या थंडीत ठरवलं होतं. पण दारू तापली की तिचा जोर वाढतो. म्हणून उन्हाळ्यात माप पुन्हा तपासावं लागतं आणि काडतुसं सावलीत ठेवावी लागतात. क्लबचे वयस्क पॉरिक हे परोपरीने सांगत होते. पण नागपूरकराला ऊन शिकवणार कोण? जूनमध्ये अठ्ठावीस अंश झाले, आयरिश मंडळी लालबुंद झाली आणि डॉक्टर हसत सुटले. हिवाळ्याच्याच मापाने भरलेला आमचा डबा बंद गाडीत, पुढच्या काचेखाली ठेवून ते निवांत पोहे खात बसले. डबा काढताना त्यांच्या पत्नीने, शोभनाताईंनी, हात झटकला.

"उपेंद्र, चटके बसतायत याचे. आज राहू दे ना."

"अगं, हे काय ऊन आहे? आपल्याकडे मे महिन्यात लोक लग्नं लावतात. इट्स ग्रँड."

पहिल्याच काडतुसानंतर रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत कोंडणारा सरकता दांडा, जास्तीच्या दाबाने अडकला. शहाण्याला तेवढा इशारा पुरला असता. यांनी तळहाताने ठोकून तो उघडला, मला आत सारलं आणि चाप ओढला. मी फाटले. तापलेला वायू मागे उसळला आणि त्यांचा चष्मा काळा पडला. तोही पॉरिकनी बळेच घालायला लावलेला. नाहीतर डोळा गेला असता, आणि त्याबरोबर ऑपरेशनं करणारा एक सर्जनही.

आणि डॉक्टर काय म्हणाले? "पितळच जुनं झालं होतं."

नाचता येईना, अंगण वाकडं!

शोभनाताईंनी मला उचललं. "पितळ नाही, उपेंद्र. तुझं नागपूर आडवं आलं."

डॉक्टरांनी मला त्यांच्या हातून घेऊन खिशात टाकलं. आता मी डॉक्टरांच्या टेबलावर असते, फाटकी बाजू त्यांच्याकडे करून.

मित्रांनो, तुम्हाला ऊन सोसतं म्हणून आम्हालाही सोसेल असं धरून चालू नका. आम्हाला बोलता येत नाही. हात लावून बघा. चटका बसला, तर तेच आमचं बोलणं.