सान फर्मिनचे भाड्याचे तारे

गेल्या वर्षी प्रांताच्या अंतिम सामन्यात सान फर्मिनचा संघ दोन गुणांनी हरला आणि ते दोन गुण मेयर आर्गेलेस यांच्या मनाला फार लागले. मेयरनी जन्मात कधी बास्केटबॉल हातात धरला नव्हता. पण गावातल्या प्रत्येक कोर्टच्या छपरावर त्यांचं नाव रंगवलेलं होतं, त्यामुळे आपल्याला खेळातलं कळतं अशी त्यांची ठाम समजूत होती.

त्यांनी क्रिसांतो मालाबानानला कचेरीत बोलावलं. क्रिसांतो शाळेत कवायत शिकवायचा आणि अकरा वर्षं गावच्या संघाचा कोच होता.

"कोच, मनिलातले तीन तारे मोकळे झालेत. करार संपले," मेयर म्हणाले. "मी तिघांनाही उचललं."

"तिघांनाही?"

"मग काय, भाजीसारखे निवडत बसू?"

क्रिसांतोनं नावं वाचली. जेट विल्याकोर्टे, सामन्याला तीस गुण काढणारा. ब्रँडन तुआसोन, कॅलिफोर्नियात वाढलेला, छतापर्यंत उंच. रोमेल सागिसाग, दहा वर्षांपूर्वीचा विजेता, ज्याचा गुडघा दहा वर्षांपूर्वीच निवृत्त झाला होता.

"मेयर, हे तिघंही शेवटचा नेम आपणच मारायचा असं मानणारे आहेत. चेंडू एकच असतो."

"पाळीपाळीनं मारतील. ते बघायलाच तुम्ही आहात ना?"

बारा जणांच्या संघात तीन नवे घ्यायचे तर तीन जुने काढायला हवेत. मेयरनी त्यांच्या नावांवर आधीच फुल्या मारून ठेवल्या होत्या. एक फुली डोडोंग माग्पांताय या नावावर होती. डोडोंगचं बाजारात मासळीचं दुकान. कागदावर बघाल तर सामन्याला चार गुण, बस्स. पण समोरच्या संघाच्या सगळ्यात भारी खेळाडूपुढे तो असा उभा राहायचा, की त्या माणसाला शेवटी खेळाचाच कंटाळा यायचा. कोणी कुठे सरकायचं हे तो ओरडून सांगायचा आणि सगळे सरकायचे. हे कागदावर येत नव्हतं. क्रिसांतोला मात्र ते पक्कं ठाऊक होतं. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात पान्सितची बशी समोर आली आणि त्यानं उघडलेलं तोंड शेवया खाण्याकडे वळवलं.

बाजारात जाऊन त्यानं डोडोंगला सांगितलं, "मेयरचा निर्णय आहे."

डोडोंग माशाची खवलं काढत होता. "आणि तुमचा?"

क्रिसांतोनं माशाचा भाव विचारला.

ताऱ्यांची मिरवणूक अग्निशामक गाडीवरून निघाली. पुढे बँड, मागे शाळेची पोरं. चौकातल्या फलकावर तिघांचे चेहरे होते आणि त्या तिघांना मिळून झाकेल एवढा मेयरचा.

सराव पाचला असायचा. जेट साडेसहाला यायचा, तोही काळा चष्मा लावून. ब्रँडननं अंग रगडायला स्वतःचा माणूस आणला होता. रोमेल गुडघ्यावर बर्फ ठेवून खुर्चीत बसायचा आणि सगळ्यांना सल्ले द्यायचा.

"जेट, चेंडू गेला की मागे पळायचं," क्रिसांतो म्हणाला. "बचाव कोण करणार?"

"कोच, बचावासाठी मला आणलंय का? लोक तिकीट काढून ते बघायला येतात?"

गावची पोरं कोपऱ्यात उभी राहून प्रेक्षकांसारखी बघू लागली. कप्तान इस्को भाड्याची ट्रायसिकल-रिक्षा चालवायचा. त्यानं हळूच विचारलं, "कोच, आम्ही करायचं काय?"

"पास द्यायचा."

"कोणाला?"

"जो मोठ्यानं ओरडेल त्याला."

पहिले सामने चिमुकल्या गावांशी होते. चाळीस-चाळीस गुणांनी जिंकले. मेयरनी प्रत्येक विजयानंतर भाषण केलं आणि एकदा तर जेटच्या आधी स्वतःच हार घालून घेतला. मग दोन सामने हरले. त्या दोन्ही दिवशी भाषण झालं नाही.

उपांत्य सामना लुंबांगशी होता, त्यांच्याच गावात. त्यांच्या संघात दोन मास्तर, एक मेकॅनिक आणि गिरणीवरचे दोघे भाऊ. गावाबाहेर त्यांची नावं कोणाला ठाऊक नव्हती. पण चेंडू त्यांच्या हातात दोन क्षणही थांबत नव्हता. जेट ब्रँडनला पास देईना. म्हणून ब्रँडननं मागे पळणं सोडलं. दोघांचं कोर्टवरच वाजलं.

"मी मोकळा होतो, दिसत नाही तुला?"

"तू तर सगळ्या मोसमात मोकळाच आहेस, काम कुठे करतोस!"

रोमेल गुडघा धरून खाली बसला. लुंबांग चौदा गुणांनी पुढे. तेव्हा क्रिसांतोच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं तिघांनाही बाकावर बसवलं आणि इस्कोसकट गावचीच पाच पोरं उतरवली.

पोरं धावली, पडली, पुन्हा उठली. फरक पाच गुणांवर आला. चार मिनिटं शिल्लक होती. सान फर्मिनहून आलेली माणसं महिनाभरात पहिल्यांदाच आपणहून उभी राहिली.

मेयर गर्दी कापत बाकामागे आले. "कोच, हे काय चाललंय? लोक ताऱ्यांना बघायला आलेत! उतरवा त्यांना!"

त्या गलक्यात क्रिसांतोला ऐकू आलं नाही असं सहज खपलं असतं. पण ऐकू आलं होतं. तो उठला आणि जेटकडे बघून त्यानं मान डोलावली. इस्को मान खाली घालून बाहेर आला. जेटनं लागोपाठ चार नेम मारले, चारही चुकले. सतरा गुणांनी हरले.

जेट कोर्टवरून थेट गाडीत बसला. ब्रँडननं विमानतळावरून फोटो टाकला: नवा प्रांत, नवं कुटुंब. रोमेल दोन दिवस राहिला, कारण खानावळीतलं माशाचं सार त्याला आवडलं होतं.

सोमवारी मेयरनी बोलावलं. "कल्पना बरोबर होती, कोच. तारे चुकले. पुढच्या वर्षी दुसरे तीन बघतोय, यांच्यापेक्षा महागडे."

क्रिसांतोनं श्वास घेतला. "मग कोचही दुसरा बघा."

"बघितलाय," मेयर म्हणाले. "तेच सांगायला बोलावलं."

आयुष्यात एकदा ताठ बोलायला गेला, तर तेवढंही फुकट गेलं. तो तडक बाजारात गेला. डोडोंगच्या दुकानापुढे गिऱ्हाइकं होती. ती हलेपर्यंत तो थांबला.

"तेव्हा मी बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

"हवं होतं," डोडोंग म्हणाला. "लुंबांगलाही. मी होतो तिथे, मागच्या रांगेत. चार मिनिटं होती, कोच."

क्रिसांतोला वर बघवेना. डोडोंगनं फळीवर पाणी ओतलं.

"रविवारी आम्ही बाजारवाले चर्चमागच्या उघड्या कोर्टवर खेळतो. कोच नकोय आम्हाला. पण एक माणूस कमी पडतो."

"मी अठ्ठावन्नचा आहे, डोडोंग."

"मग बचावाला या. तिथे फार पळायचं नसतं. जागेवर उभं राहायचं असतं. जमेल?"

रविवारी क्रिसांतो जुने बूट घालून गेला. पहिल्या पाच मिनिटांतच एका कांदेवाल्यानं त्याला दोनदा चकवलं आणि सगळा बाजार हसला.

"कोच, हात वर!" डोडोंग ओरडला.

धापा टाकत त्यानं दोन्ही हात वर केले.