शिक्क्याची उंची

शाळेतून विकास कार्ड आलं तेव्हा बिट्टीच्या बाबांनी आधी शिक्का पाहिला आणि मजकूर नंतर. त्यांचा तरी काय दोष? वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. शिक्का असलेलं माप म्हणजे माप आणि नसलेलं म्हणजे अफवा, एवढ्या एका वाक्यावर त्यांचा संसार उभा होता. दुकानदार पाठीमागे त्यांना 'गुंजभर' म्हणत. गुंजभर फरकासाठी त्यांनी एका मिठाईवाल्याचा तराजू उचलून नेला होता, आणि तोही मिठाईवाल्याच्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी.

शिक्का ठसठशीत होता. मग त्यांनी मजकूर वाचला. 'वय आठ वर्षं. वाचन: बरं. वजाबाकी: कच्ची. चेंडू झेलणे: दोन्ही हातांनी, तेही कधीकधी. निरीक्षणशक्ती: सुधारणेस वाव. वर्गात भिंतीच्या तळाकडे टक लावून बसते. उंची: ११६ सेंमी. वयाच्या मानाने कमी.'

बाकी सगळं बाबांनी गिळलं असतं. वजाबाकी त्यांचीही उशिराच पिकली होती. पण त्या एकशे सोळानं घोडं अडवलं. शाळेच्या पोहण्याच्या तलावात खोल बाजूच्या तुकडीत जायला एकशे वीस लागत. त्याहून कमी उंचीची मुलं उथळ तलावात, पहिलीच्या पोरांबरोबर. बिट्टीनं तो उथळ तलाव वर्षभर आडवा-उभा पोहून काढला होता आणि तिला आता खोल पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. नवी तुकडी वर्षातून एकदाच निघे. ती महिन्याभरावर आली होती.

"बाबा, शाळेतला तक्ता चुकीचा आहे," बिट्टी म्हणाली.

"तक्ता चुकत नसतो. माणसं चुकतात."

"मग माणसांनी तो चुकीचा—"

"दूध संपव."

बिट्टीची आई कपडे दुरुस्त करायच्या दुकानात शिवणकाम करायची. तिनं कार्ड वाचलं, पिशवीतून टेप काढली, लेकीला दाराला टेकवून उभं केलं आणि मापलं. एकशे चोवीस.

"बघा," ती म्हणाली.

"या टेपवर शिक्का कुठाय?"

"तुमचा लग्नातला सूट याच टेपनं बेतलाय."

"म्हणूनच तो काखेत काचत होता."

"अहो, वर्षात दोनदा हिच्या फ्रॉकची दुमड उसवून खाली सोडली मी!"

"कापड आटतं."

"आणि चपला? त्याही आटल्या का?"

बाबांनी चपला उचलून दाराबाहेर ठेवल्या. उत्तर नसणं आणि हार मानणं या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या. खुंटीवरच्या त्यांच्या कातडी पिशवीत खात्याची, दरवर्षी तपासून शिक्का मारलेली पोलादी पट्टी होती. ती काढली असती तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण सरकारी पट्टी घरच्या कामाला लावणं नियमात बसत नव्हतं, आणि नियमात बसत नाही ते त्यांच्या डोक्यातही बसत नसे.

मग महिनाभर पोरीला वाढवण्याचा कार्यक्रम झाला. सकाळी दाराच्या चौकटीत बसवलेल्या दांड्याला लोंबकळायचं, संध्याकाळी दोरीवरच्या शंभर उड्या, मध्ये तीन पेले दूध. बिट्टी लोंबकळता लोंबकळता सांगायची, "बाबा, तक्ता खालून सुरूच होत नाही," आणि बाबा घड्याळ बघत म्हणायचे, "बोलू नकोस, पाठ आखडते." पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, फरक एवढाच की घडा बावीस वर्षं सेवेत होता.

तुकडीआधीच्या फेरमोजणीच्या शुक्रवारी बाबा अर्धी रजा टाकून स्वतः शाळेत गेले. बिट्टी तक्त्याला टेकली. वर्गशिक्षिका बाईंनी तिच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली आणि वाचलं, "एकशे सोळा."

"महिनाभर दूध पिऊन?" बाबांचा आवाज चढला.

बिट्टीनं त्यांचं बोट धरलं, त्यांना खाली बसवलं आणि भिंतीचा तळ दाखवला. जमिनीलगत फरशीची पट्टी होती, कुठल्याही खोलीत असते तशी. तक्ता त्या पट्टीच्या वर चिकटवला होता. शून्य तिथून सुरू होत होतं.

"फरशीवर डिंक धरत नाही ना," बाई म्हणाल्या. "म्हणून शिपायानं जरा वर लावला."

बाबांनी पिशवीतून पोलादी पट्टी काढली. आता काम सरकारी होतं. फरशीची पट्टी भरली आठ सेंटिमीटर. बिट्टी हळूच म्हणाली, "एकशे चोवीस वजा आठ, एकशे सोळा."

कच्च्या वजाबाकीचा हिशोब बरोबर होता.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत पंखा फिरत होता आणि त्याखाली त्या स्वतःही.

"म्हणजे वर्गातली एक्केचाळीस मुलं आठ-आठ सेंटिमीटरनं कमी मापलीत तुम्ही," बाबा म्हणाले.

"हो, तेच म्हणत होते, यंदाचं पीक बुटकं कसं निघालं!" मुख्याध्यापिकांना मनापासून बरं वाटलेलं दिसलं. "पण कार्डं वर गेली आता."

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे वर. परत येत नाहीत ती."

"तक्ता तरी खाली लावा."

"त्याला मंजुरी लागते. भिंत इमारत विभागाकडे, तक्ता आरोग्य विभागाकडे. मुलं तेवढी आमच्याकडे." त्यांनी थोडा विचार केला. "त्यापेक्षा असं करू, मुलांना आठ सेंटिमीटरच्या फळीवर उभं करू. सगळं जिथल्या तिथे."

यात चूक काढता येईना. गणित बरोबर होतं. शिपायानं फळी आणली, बिट्टी वर चढली, आणि बाईंनी नव्या कार्डावर प्रामाणिकपणे लिहिलं: '१२४ सेंमी (फळीवर उभी असता).' वर शिक्का.

ते कार्ड घेऊन बापलेक तलावावर गेले. पोहण्याच्या सरांनी ते लांब धरून वाचलं.

"फळीवर उभं राहून कोणीही उंच होतं, साहेब."

"पण ती फळी तक्त्याच्या चुकीपोटी आहे!"

"असेल. पण तलावात फळी नाही."

"तुम्ही इथेच मापा ना तिला. ही घ्या पट्टी, शिक्क्याची आहे."

"तुमच्या पट्टीवर विश्वास आहे हो. पण मला शाळेचं कार्ड लागतं. उद्या कोणाच्या नाकात पाणी गेलं तर मी काय तुमची पट्टी दाखवू?"

बाबांनी अशी वाक्यं आयुष्यभर दुकानदारांना ऐकवली होती. ती आपल्यालाच ऐकावी लागतील आणि इतकी बरोबर वाटतील, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.  ते तरातरा शाळेत परतले, खिशातून छापील फॉर्म काढला, दोन शिक्षकांना साक्षीदार म्हणून उभं केलं आणि सदोष मापाचा पंचनामा करून तक्ता भिंतीवरून सोलून काढला. बावीस वर्षांत इतक्या समाधानानं त्यांनी काही जप्त केलं नव्हतं.

समाधान जिन्यापर्यंत टिकलं.

"बाबा," बिट्टीनं विचारलं, "आता मला मोजणार कशानं?"

त्यांनी काखेतल्या गुंडाळीकडे पाहिलं, मग मागे वळून मुख्याध्यापिकांकडे. त्या दारात उभ्या होत्या. "नवा तक्ता पुढच्या वर्षी येईल," त्या म्हणाल्या. "तोवर मोजणी बंद. कार्डावर जुनाच आकडा धरायचा, फळीशिवायचा. नियम आहे."

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. "तुमची ती पट्टी महिनाभर इथेच होती ना हो? या खुंटीवर?" एवढंच विचारून ती आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी तुकडी सुरू झाली. खोल बाजूला दोनच मुलं होती, दोघंही दोनदा नापास झालेली आणि म्हणून उंच. उथळ तलावात पहिलीची पोरं गळ्याइतक्या पाण्यात किंचाळत होती. त्यांच्या मधोमध बिट्टी छातीइतक्या पाण्यात उभी होती. ती पोहत नव्हती. मान खाली घालून तलावाच्या भिंतीचा तळ बघत होती.

"ए, तू!" सर ओरडले. "लक्ष कुठाय?"

काठावरच्या बाकावर बाबा बसले होते. या वेळी त्यांनी पोरीला गप्प केलं नाही. ते उठले, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मांडीपर्यंत भिजत पाण्यात उतरून तिच्याशेजारी वाकले.

"काय दिसतंय, बिट्टी? सांग."

"पाण्याच्या खोलीचा आकडाही तळाच्या फरशीच्या पट्टीवरून मोजून लिहिलाय, खालून नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही काही जप्त करू नका हं, बाबा."