काथ्याच्या दोराची गाठ

गावचा वैदू मोसेसे याने झाडाच्या मुळाचा तुकडा दोन्ही हातांनी उंच धरला आणि कबरस्तानात जमलेला सारा गाव गप्प झाला. मेलेनाइतेच्या आईच्या कबरीतून, थेट मणक्यांच्या मधून हे मूळ उपसलं, असं तो म्हणाला. खड्ड्यात डोकावायची छाती कोणाचीच नव्हती, त्यामुळे त्याचा शब्द हाच पुरावा.

मेलेनाइते बावन्न वर्षांची. वर्षभरात तिची पाठ एका बाजूला कलली होती. त्या बेटावर चर्चला जाताना मानाची म्हणून कमरेला विणलेली चटई गुंडाळत; तिच्या चटईची कड उजवीकडे लोंबायची आणि चर्चमध्ये बायका टक लावून बघायच्या. "आईचं हाड वाकलं, म्हणून लेकीचं वाकलं," म्हणत मोसेसेने स्वतःच्या हाताने तिची चटई सोडून पुन्हा बांधली, काथ्याचा दोर आवळला. कड सरळ! बायका रडल्या, स्तोत्र सुरू झालं आणि मोसेसे बिदागीचं एक डुक्कर नि दोन नव्या चटया घेऊन घरी गेला. दैवी शक्तीला भूक जरा जास्तच लागते.

आठ दिवसांत कड पुन्हा लोंबली. चालताना पाय बधिर व्हायला लागला. मेलेनाइते लंगडत मोसेसेकडे गेली. त्याने डोळे मिटून बराच वेळ हुंकार भरले आणि सांगितलं, शनिवारी तिच्या मुलीची कबर उघडायची. दवाखान्यात गेलीस तर हाड काळजात घुसेल, असंही बजावलं.

ती मुलगी, सिसिलिया, सहाव्या वर्षी तापाने गेली होती. एकवीस वर्षं मेलेनाइते त्या इवल्या कबरीवर पांढरी वाळू पसरत आली होती. आता पोरीची हाडं बघायची होती. आठवडाभर तिला घास गिळवेना. पण काळजात घुसणारं हाडही तिला सारखं जाणवत होतं. भीतीने तिने हो म्हटलं.

शनिवारी फावडी आली. तिची भाची लुपे, बेटावरच्या दवाखान्यातली नर्स, तीही आली.

"आत्या, मी तुमच्या कमरेला हात लावू?"

लोकांत कुजबुज झाली. तिथे वैदूवाचून कोणी बाईच्या कमरेला चारचौघांत हात लावायचा नसतो, भाचीने आत्याच्या तर नाहीच. मोसेसेची गाठ आजवर कोणी तपासली नव्हती, ती याच रीतीमुळे. मेलेनाइतेने मानेनेच हो म्हटलं.

लुपेने दोर सोडला. उजव्या बाजूने चटई दोन बोटं आत दुमडली, वरून दोर आवळला. कड सरळ.

"मोसेसेकाका, मी कोणाची कबर उघडली?"

मग लुपेने आत्याला पुढे वाकायला लावलं. पाठीची उजवी बाजू उंच उठून आली. तिने अर्धी भरलेली पाण्याची बाटली पाठीवर आडवी ठेवली. बाटली कलली, पाणी खालच्या टोकाला जमलं. मागच्या रांगेलाही ते दिसलं.

"चटई सरळ झाली. पाठ आहे तशीच आहे."

"मग ते मूळ कुठून आलं?" मोसेसे गुरकावला.

लुपेने फावडं घेतलं आणि कबरींपासून दूर, कडेच्या एका झाडाजवळ खणलं. हातभर खोलीवर तीन मुळं निघाली. तिथे कोणीच पुरलेलं नव्हतं.

मग तिने समजावलं. काहींचा कणा तरुणपणापासून थोडा वाकडा असतो आणि वयाबरोबर हा बाक वाढतो. काहींच्या मणक्यांमधल्या चकत्या उतारवयात झिजतात. नस दाबली गेली की पाय बधिर होतो. एक्स-रे काढायचा, व्यायाम शिकायचा, दुखण्यावर औषध घ्यायचं. ऑपरेशन थोड्यांनाच लागतं. हाड काळजात घुसत नाही. मात्र पाय लुळा पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

"मी सरळ होईन का गं?" मेलेनाइतेने विचारलं.

"पूर्ण सरळ, बहुतेक नाही, आत्या. पण चालाल."

मेलेनाइतेला अजूनही भीती वाटत होती. तरी ती लेकीच्या कबरीपुढे जाऊन उभी राहिली.

"आईची कबर मी माझ्या भीतीपायी उघडू दिली," ती म्हणाली. "पोरीला कोणी हात लावायचा नाही."

माणसांनी फावडी खाली ठेवली. मोसेसे त्या दिवशी रिकाम्या हाताने परतला.

घाबरलेल्या माणसाला प्रश्न सुचत नाहीत, हे खरं. म्हणून शेजारी उभ्या असलेल्याने तरी विचारावं: गाठ कोणी बांधली? त्या गर्दीतल्या एकाने जरी ते पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर फावडी पोरीच्या कबरीपर्यंत आलीच नसती.