उजवं फूल

आमचे हे दर आठवड्याला लॉटरीचं तिकीट आणतात, "या खेपेला नक्की लागणार" म्हणतात आणि कौल लावायला गावदेवीच्या देवळात जातात. गुरवकाका देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवतात. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही.

परवा ह्यांनी विचारलं, "तिकीट लागेल?" डावं पडलं.

"मग फाडून टाकू?" पुन्हा डावंच पडलं.

झालं! देवीच फाडू नको म्हणाली, म्हणून हे रत्नागिरीत पेढ्यांची ऑर्डर देऊन आले. शनिवारी निकाल लागला. आम्हाला कपाळ लागलं.

"आता तरी डोळे उघडा," मी म्हटलं.

"अगो, लागणार नाही असं देवीने आधीच सांगितलेलं. कौल किती खरा, बघ!" असं म्हणून हे नवीन तिकीट आणायला गेले.

माझं टाळकं सटकलं. मी तडक देवळात जाऊन विचारलं, "ह्यांचं हे खूळ कधी सुटेल का?"

डावं फूल पडलं.

मी गुरवकाकांना म्हटलं, "पुन्हा लावा. या खेपेला नक्की उजवं पडणार."