भित्र्या माणसाचं पेव

लालासाहेब हळदवाले भित्रे होते. सांगलीच्या पेठेत हे कुणी चोरून बोलत नसे, त्यांच्या तोंडावर बोलत. ते वायद्याच्या सौद्याला भ्यायचे, उधळलेल्या बैलाला भ्यायचे, कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सगळ्यांच्या आधी माल हलवायचे. लोक हसायचे. पण त्यांच्या हळदीत कधी कुणाला खडा सापडला नाही आणि धंदा उतारवयापर्यंत नीट चालला, हेही तेच लोक सांगायचे.

धंदा बंद केल्यावर लालासाहेब, म्हणजे घरच्यांचे आबा, साताऱ्याला नातीकडे राहायला गेले. अंकिता तिथल्या एका कारखान्यात नोकरीला होती. रोज संध्याकाळी ती बसमधून उतरायची तेव्हा आबा थांब्यावर हजर. बसला उशीर झाला की म्हाताऱ्याच्या जिवाचं पाणी पाणी.

"आबा, मी काय कुकुलं बाळ हाय व्हय?" ती चिडायची.

"तू न्हाईस गं. मी म्हातारा हाय. मला भ्या वाटतं," असं म्हणून ते तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घ्यायचे. तिला टायफॉईड झाला तेव्हा ते उशाशी बसून राहिले, आणि ती झोपली की श्वास चाललाय ना ते बघायला नाकापुढे हात धरायचे. डोळे किलकिले करून ती हे बघत असे आणि मनातल्या मनात हसत असे. आता तिला त्या हसण्याची लाज वाटायची.

आबांना जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध उरकलं आणि अंकिताचं लग्न ठरलं. तेव्हा तिचा थोरला भाऊ जयराज हट्टाला पेटला. "अंकीला आबांच्या पेवातली हळद लागंल. दुकानातली पुडी आणायची न्हाई."

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं हळदीचं कोठार. तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, आणि खाली पोट मात्र खोलीएवढं. सांगलीजवळच्या हरिपुरातली बहुतेक पेवं महापुरांनी गिळली. आबांचं एक उंचवट्यावरचं तेवढं राहिलं होतं, निम्मं भरलेलं, वर माती लिंपून बंद.

सकाळीच सगळे तिथे जमले. जयराज, अंकिता, रोजंदारीवर आणलेले दोन गडी, आणि वडील उदयसिंह. ते फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. लोक म्हणायचे, बापाची कसर भरून काढायला पोरगा फौजेत गेला. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. आबा विशीत असताना त्यांचा थोरला भाऊ कृष्णात पेवात उतरला तो वर आलाच नाही. त्याला काढायला एक हमाल उतरला, तोही गेला. तिसरे आबा. ते काठावर उभे राहिले. "भाऊ खाली मेला आन् ह्यो वर हुबा ऱ्हायला," हे बोलणं त्यांना जन्मभर चिकटलं. शाळेत पोरं उदयसिंहांनाही तेच ऐकवायची. उदयसिंहांनी बापाचं सगळं केलं, औषधपाणी केलं, श्राद्धही केलं. माफ मात्र केलं नाही.

गड्यांनी माती खणली, फरशी सरकवली. कोंदट, उग्र वास वर आला.

"आबा आधी दिवा सोडायचे," जयराज म्हणाला. "त्यांची रीत मोडायची न्हाई." मोबाईलची बॅटरी लावून, तो सुतळीला बांधून त्याने खाली सोडला. खाली लख्ख पिवळं दिसलं. उदयसिंहांनीसुद्धा हात जोडले.

अंकिताच्या मनाला का कोण जाणे, बरं वाटेना. "दादा, कमरंला दोर बांध."

"आली बघा आबांची वारसदार!" जयराज हसला, पण बहिणीचं मन मोडायला नको म्हणून त्याने दोर बांधून घेतला. दुसरं टोक गड्यांच्या हातात देऊन तो शिडीवरून उतरू लागला.

ती काठावर गुडघे टेकून खाली त्या पांढऱ्या उजेडाकडे बघत राहिली. आबा असाच दिवा सोडायचे, ती लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून बघायची. तिला खालची हळद बघायची असायची, आणि आबा तिची हनुवटी धरून वळवायचे. "तळ बघू नगं. ज्योत बघ. ज्योत इझली म्हंजे खाली माणसाला हवा न्हाई."

ज्योत. आबांचा कंदील होता. मोबाईलच्या बॅटरीला हवा लागतेच कुठे? ती मेलेल्या हवेतही जळत राहणार.

ती ओरडली. "दादा, वर ये! वर ये आधी!"

"काय झालं गं?" जयराजचा आवाज जड आला. त्याने मान वर केली, पुढची पायरी चाचपली आणि हात सुटला. धप्प असा आवाज झाला. मग काही नाही.

"जयराज!" उदयसिंह शिडीकडे धावले. त्यांचा एक पाय पेवात गेलासुद्धा, तेवढ्यात अंकिताने मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि अंगाचं सगळं ओझं टाकून त्यांना मागे पाडलं.

"सोड मला! माझं पोरगं हाय त्ये!"

"तुमी बी मराल! खाली हवा न्हाई! ओढा रं, दोर ओढा!"

गड्यांनी दोर ओढला. थोडा आला आणि अडकला.

"शिडीत अडकलाय. कुणीतरी उतराय पायजे," म्हणत वडील उठू लागले. फौजी माणूस, हातात ताकद. तिच्या पाठीत, खांद्यावर, गालावर तडाखे बसत होते. तिने त्यांच्या सदऱ्यात बोटं रुतवली, डोळे मिटले. तिला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. भाऊ खाली मरतोय आणि जो एकटा माणूस त्याच्याकडे झेपावतोय त्याला आपण धरून ठेवलंय. आपलं चुकत असेल तर? सोडलं आणि दोघंही गेले तर? तिचे दात वाजत होते, पण बोटं काही सुटली नाहीत.

"सैल सोडा! सोडा आन् परत ओढा!" ती गड्यांना ओरडली.

दोर सैल झाला, पुन्हा ताणला. खाली शिडी करकरली. मग ओझं मोकळं झालं आणि जयराजचं डोकं पेवाच्या तोंडातून वर आलं. ओठ काळेनिळे, मान लुळी. त्याला मातीवर आडवं केलं. अंकिताने नाकापुढे हात धरला. काहीच लागेना. तिने तोंडाला तोंड लावून हवा भरली, पुन्हा भरली. एक गडी रडायला लागला. मग जयराजची छाती उचलली, तो खोकला, ओकला आणि मोठ्याने श्वास घेऊ लागला.

गाडी आणायला एक गडी पळाला. जयराज डोळे उघडून बहिणीकडे बघत होता, त्याला बोलता येत नव्हतं. उदयसिंह त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा सदरा फाटला होता.

"त्यो वर आला नसता तर?" त्यांनी विचारलं.

"तरी बी तुमाला सोडलं नसतं," अंकिता म्हणाली.

"मी जन्मात तुझं तोंड बघितलं नसतं."

"ठावं हाय मला, पप्पा."

उदयसिंहांनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालावर त्यांच्याच हाताचा वळ उठला होता. श्राद्धालाही ज्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते सुभेदार दोन गावांना ऐकू जाईल असे रडले.

"आबाचं न्हाई बघितलं गं," ते म्हणाले. "आबाचं कवाच नीट तोंड बघितलं न्हाई मी."